‘बाह्यस्रोत’ : एका संज्ञेची चिकित्सा

मनुष्यबळ अपुरे पडले असता संस्थेचे काम बाहेरच्या यंत्रणेकडून करवून घेण्यास शासकीय मराठीत ‘बाह्यस्रोत’ किंवा ‘बाह्ययंत्रणा’ म्हणण्याचा प्रघात आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला व ऑक्टोबरात तो रद्द केला. त्या वादामुळे ही परिभाषा सर्वतोमुखी झाली. ती कितपत अर्थवाही आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

‘आउटसोर्स’ हे इंग्रजीत क्रियापद आहे. ‘बाह्यस्रोत’ हे केवळ नाम. स्रोत म्हणजे प्रवाह. भाषांतरात काम करणारा माणूस लोपला आणि पाणी तेवढे राहिले. (कागदोपत्री पुष्कळदा ‘स्त्रोत’ असे लिहिले जाते, ती गोष्ट निराळी.) वस्तुतः मराठीत ‘करणे’पासून ‘करविणे’ हे प्रयोजक रूप सिद्ध होते, त्यात करणारा व करविणारा या दोघांनाही जागा आहे. नव्या संज्ञेत दोघांपैकी एकही दिसत नाही.

भिवंडीचा व्यवहार याबाबतीत अधिक बोलका आहे. तेथे व्यापारी सूत देतो, यंत्रमागधारक ते विणून कोरे कापड परत करतो आणि त्याची मजुरी आडव्या धाग्यांच्या, म्हणजे ‘पिकां’च्या, हिशेबाने ठरते. या व्यवस्थेत शोषण नाही असे कोणी म्हणणार नाही. मागावरच्या कारागिराची स्थिती सर्वश्रुत आहे. तथापि ‘मजुरीवर विणतो’ एवढे म्हटले की माल दुसऱ्याचा व श्रम आपले, हे ऐकणाऱ्यास उमगते. अडत्याचेही तसेच. त्याच्या दुकानातील माल त्याचा नव्हे, हे गिऱ्हाईक जाणून असते.

आता समजा, भिवंडीतील एका वऱ्हाडास ठाण्याच्या हॉटेलात चाळीस खोल्या हव्या आहेत. हॉटेलच्या विक्री विभागात माणसे कमी. म्हणून अशा समूह-आरक्षणाच्या चौकशा दूरच्या शहरातील एका कंपनीकडे सोपविलेल्या. तेथील कर्मचारी दर सांगतो, अनामत ठरवितो, अमुक तारखेपर्यंत पक्के न केल्यास खोल्या सुटतील असे बजावतो, आणि हे सर्व ‘आम्ही’ या सर्वनामाने. उत्तर त्वरित मिळते, हा लाभ खरा. विलंबाने आरक्षण दुसरीकडे जाते, हेही खरे. मात्र मराठी ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांत भेद करते. ‘आम्ही’त वधूपिता नाही, हे स्पष्टच आहे, पण हॉटेल तरी आहे काय? ज्याने ती इमारत पाहिलेली नसेल, असा माणूस हॉटेलच्या तोंडाने शब्द देतो. पुढे अनामतीवरून तंटा झाला की व्यवस्थापक म्हणावयास मोकळा, ‘असे आम्ही बोललोच नव्हतो.’ दोन्ही ‘आम्ही’ व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत. नुकसान मात्र वधूपित्याचे.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने कंत्राटदाराने वेतन थकविल्यास ते देण्याचे दायित्व प्रमुख नियोक्त्यावर ठेवले होते. वेतनाबाबत जे दायित्व कायद्याने ओळखले, ते दिलेल्या शब्दाबाबत परिभाषेने झाकून टाकावे, हे विचित्र होय.

मराठीत ‘परहस्ते’ हा शब्द पूर्वापार आहे. त्यात निदान हात दिसतो. आणि दूरध्वनीवरच्या त्या कर्मचाऱ्यास नवी संज्ञाही नको. ‘अमुक हॉटेलच्या वतीने, तमुक कंपनीतून बोलतो आहे’ हे एक वाक्य त्याला पुरेसे आहे. ‘च्या वतीने’ हे शब्दयोगी अव्यय त्याच कामासाठी भाषेत आहे.