कोंबडीचा स्वभाव: एका रिव्ह्यू पेपरचं वाचन

पीएचडीच्या तयारीत असाल तर कधी ना कधी कुणीतरी हातात एक रिव्ह्यू पेपर देऊन ‘यावर बोला’ म्हणणारच. सरावासाठी लोरी मरिनो यांचा ‘थिंकिंग चिकन्स’ घ्या. २०१७ साली ‘अ‍ॅनिमल कॉग्निशन’मध्ये आलेला हा पेपर कोंबडीची बुद्धी, भावना आणि वर्तन यांवरचं संशोधन एकत्र आणतो. मरिनो म्हणजे डायना राइस यांच्यासोबत २००१ मध्ये डॉल्फिनवर आरशाचा प्रयोग करणाऱ्या. त्या प्राण्यांच्या बाजूने उघडपणे काम करतात. त्यात गैर काही नाही, पण वाचताना लक्षात असू द्या.

आता फक्त शेवटचे निष्कर्ष वाचा आणि क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ मारत चला. आत्मभानाबद्दल ‘असू शकेल’, सहानुभूतीबद्दल ‘काही पुरावा आहे’. जपून लिहिलंय. मग येतं व्यक्तिमत्त्व. तिथे शंका गायब! कोंबड्यांना वेगवेगळी व्यक्तिमत्त्वं असतात, जशी सगळ्या गुंतागुंतीच्या प्राण्यांना असतात, असं थेट विधान. पण कोंबडी त्या गटात बसते का, हाच तर पेपरचा प्रश्न होता ना? जे सिद्ध करायचं तेच इथे कारण म्हणून वापरलंय. आतला या विषयावरचा भागही त्रोटक आहे, आणि कोंबड्या पाळणाऱ्यांच्या अनुभवांवर बराच टेकलेला.

पाळणाऱ्यांचं निरीक्षण खोटं असतं असं मी म्हणत नाही. ज्याच्या घरी खुराडं आहे तो सांगेलच, की एक धीट असते, एक सारखी दबकत राहते. अडचण ‘स्वभाव’ या शब्दात आहे. खुडूक बसलेली कोंबडी हात लावला की टोचते. ती खाष्ट आहे म्हणून नव्हे, खुडूक आहे म्हणून. तीन आठवड्यांनी पिल्लं निघाली, मोठी झाली, की पुन्हा शांत. ही अवस्था झाली. तसंच थोरलेफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलेली टोचण्याची उतरंड. एका कळपात दादागिरी करणारी कोंबडी दुसऱ्या कळपात खालच्या पायरीवर जाऊ शकते. म्हणजे तो गुण तिचा एकटीचा नाही, नात्याचा आहे.

मग मोजायचं कसं? कोंबडीला पाठीवर निजवून काही सेकंद हलकेच दाबून धरतात आणि सोडतात. ती निपचित पडून राहते. उठायला जितका जास्त वेळ, तितकी भीती जास्त, असं मानतात. एकदा मोजून फक्त आकडे वेगवेगळे येतील. ते तर कशातही येतात. काही आठवड्यांनी त्याच कोंबड्यांवर पुन्हा मोजा, शिवाय अनोळखी वस्तू समोर ठेवूनही बघा. क्रम साधारण तोच राहिला तर ‘भित्री’ म्हणा. या टिकाऊपणाला रिपीटेबिलिटी म्हणतात: एकूण फरकातला किती हिस्सा प्राण्याप्राण्यांमधला आहे. बेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अनेक प्रजातींवरचे अभ्यास एकत्र केले तेव्हा सरासरी आली सुमारे ०.३७. बाकीचा फरक त्याच प्राण्यातला, त्या त्या दिवसाचा. मरिनोंच्या त्या वाक्यात हे ०.३७ कुठेच डोकावत नाही.

हा कीस का काढायचा? कारण अशा पेपरांचा हवाला पिंजऱ्यातल्या कोंबड्यांच्या वादात दिला जातो. एक ढिलं विधान सापडलं, की समोरचा त्याच्याकडे बोट दाखवून चांगले पुरावेही बाजूला सारतो. आणि चांगले पुरावे खरंच आहेत. एडगर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पिल्लांवर हवेचा हलका झोत सोडला, तेव्हा बघत असलेल्या आईच्या हृदयाचे ठोके वाढले. स्वतःवर झोत आला तेव्हाच्यापेक्षा वेगळी प्रतिक्रिया. तुलनेसाठी नियंत्रण आहे, मोजमाप आहे. पेपरचा भावनांवरचा भाग म्हणून सावकाश वाचा, आणि व्यक्तिमत्त्वाच्या परिच्छेदापाशी आलात की समासात एवढंच लिहा: ‘किती पक्षी, किती वेळा?’