पंचवीस तास उशीर झाला तरी विमान 'रद्द' का नाही?

नेट-सेट झाली, पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायला बसलात की गाईड पहिला प्रश्न विचारतात, "तुमच्या विषयातल्या मुख्य शब्दाची व्याख्या काय?" आपण डिक्शनरी उघडतो, दोन ओळी लिहितो आणि पुढे जातो. मीही तेच करत होते. मग एका लग्नामुळे अडकले.

आई तिच्या मामेभावाच्या मुलीच्या लग्नाला पुण्याहून नागपूरला निघाली होती. दुपारी एकचं विमान रात्री आठला सुटलं. सीमांतपूजन हुकलं. तांत्रिक बिघाड, एवढंच कारण सांगितलं. हातात एक सँडविच आणि पाण्याची बाटली. तिकिटाचे पैसे परत घ्यायचा पर्याय होता म्हणे, पण लग्न नागपुरात होतं ना! घरी आल्यावर तिने विचारलं, "यांनी विमान रद्दच केलं असतं तर मला भरपाई मिळाली असती का गं?"

मिळाली असती. डीजीसीएच्या नियमात, 2016 च्या सुधारणेनंतर, एक ते दोन तासांच्या उड्डाणासाठी 7500 रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. अट अशी की कंपनीने वेळेत कळवलेलं नसावं आणि कारण तिच्या हाताबाहेरचं नसावं. उशिराला मात्र खाणंपिणं, सहा तासांवर गेलं तर दुसरं विमान किंवा परतावा, ठरावीक वेळी हॉटेल. रोख भरपाई नाही. म्हणजे सगळा पैसा 'रद्द' या एका शब्दावर लटकलाय.

याच पेचावर युरोपीय न्यायालयाचा 19 नोव्हेंबर 2009 चा निकाल आहे, 'स्टर्जन विरुद्ध कॉन्डोर'. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल प्रवाशांचा मोठा विजय म्हणून शिकवतात. तुम्ही तो तसा वाचू नका.

टोरांटोहून फ्रँकफर्टला जाणारं एक कुटुंब. विमानतळावरच्या फलकावर 'रद्द' लिहिलं होतं. सामान परत दिलं, रात्री हॉटेलात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कंपनीच्या काउंटरवर चेक-इन झालं, वेगळ्या सीट मिळाल्या. घरी पोचायला सुमारे 25 तास उशीर. त्यांनी माणशी 600 युरो मागितले. कंपनी म्हणाली, रद्द कुठे झालं, फ्लाइट नंबर तर तोच आहे!

न्यायालयाने आधी कंपनीचं ऐकलं. ठरल्याप्रमाणेच उड्डाण झालं असेल तर उशीर कितीही असो, तो उशीरच. फलकावर काय लिहिलं, सामान दिलं का, यावरून ठरत नाही. इथे आपल्याला वाटतं, झालं, प्रवासी हरले. पण पुढच्याच भागात न्यायालय म्हणतं की तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलेल्यांचं नुकसान रद्दवाल्यांसारखंच आहे, मग समान वागणूक म्हणून त्यांनाही भरपाई.

आता 261/2004 हा मूळ नियम उघडा. कलम 6 उशिराबद्दल आहे. त्यात भरपाईचा शब्द नाही. न्यायालयाने आधार घेतला प्रस्तावनेतल्या पंधराव्या परिच्छेदाचा, जिथे दीर्घ उशिराचा ओझरता उल्लेख आहे. कलमात जे नाही ते प्रस्तावनेतून काढायचं, ही पद्धत मला खटकते, निकाल आवडला तरी.

आणि हे तीन तास आले कुठून? उशिराच्या भरपाईची मर्यादा म्हणून ते नियमात कुठेच नाहीत. विमान आयत्या वेळी रद्द केलं पण पर्यायी विमान जास्तीत जास्त एक तास आधी सुटून दोन तासांच्या आत उशिराने पोचवत असेल, तर कंपनी भरपाईतून सुटते. न्यायालयाने एक आणि दोन यांची बेरीज केली! पण या दोन अटी एकत्र पाळायच्या आहेत. रद्द विमानाचा प्रवासी पर्यायी विमानाने वेळेवर निघून सव्वादोन तास उशिरा पोचला, तर त्याला पैसे. उशिराचा प्रवासी पावणेतीन तास लटकला, त्याला शून्य. समानतेच्या नावाने आणलेला आकडा स्वतःच समान नाही. महाअधिवक्त्या एलिनॉर शार्पस्टन यांनी निकालाआधीच्या मतात म्हटलं होतं की असा आकडा ठरवणं हे कायदेमंडळाचं काम आहे. ते मत आधी वाचा, मग निकाल. उलट्या क्रमाने वाचलंत तर निकाल अटळ वाटतो.

2012 मध्ये 'नेल्सन' प्रकरणात न्यायालयाने हीच भूमिका कायम ठेवली. तेव्हा व्यवहारात वाद मिटला. नुसता नियम वाचून कुणी लिहिलं की युरोपात उशिराला भरपाई नाही, तर ते चूक ठरेल. व्हायवात हे हमखास विचारतात.

तरीही माझ्या मते या निकालाची खरी उणीव वेगळी आहे. 'रद्द' कशाला म्हणायचं हा प्रश्न त्याने कंपनीच्या वेळापत्रकाच्या बाजूने सोडवला आणि प्रवाशाची झळ पैशाने भरून काढली. युरोपात ते चालून गेलं, कारण पैसे तरी मिळाले. आपल्याकडे पहिला अर्धा भाग आहे, दुसरा नाही. सात तास असो की वीस, विमान उडालं तर उशीर. मग कुठली कंपनी आपण होऊन 'रद्द' लिहील? तुम्ही उद्या विमानांच्या उशिराचा डेटा घेऊन रिग्रेशन चालवाल, तेव्हा त्या दोन रकान्यांत कुठली नोंद जावी हे कुणी ठरवलं आणि त्यात त्याचा फायदा काय, हे आधी लिहा.

आईला सांगितलं की ग्राहक आयोगात सेवेतली त्रुटी म्हणून दावा करता येतो, पण तिथे कारण आणि नुकसान दोन्ही मांडावं लागेल. 7500 चा तयार आकडा नाही. तिने बोर्डिंग पास, उशिराचे मेसेज आणि लग्नाची पत्रिका एका पाकिटात घातलीत. पाकिटावर लिहिलंय, 'रद्द विमान'. मी अजून खोडलेलं नाही.