भिंतीवरचा बिबट्या

नयन खानोलकर यांच्या ‘द अ‍ॅली कॅट’ या छायाचित्रात बिबट्या शोधावा लागत नाही, पण तो चित्रभर पसरलेलाही नाही. रात्रीची वेळ, मुंबईच्या आरे कॉलनीतला अरुंद बोळ, दोन्ही अंगांना घरांच्या भिंती, आणि मधून आपल्या वाटेने निघालेलं जनावर. जाता जाता त्याने एक नजर टाकली आहे, थांबलेलं मात्र नाही. २०१६ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत हे चित्र शहरी विभागात पहिलं आलं. तेव्हा वर्तमानपत्रांतून ते पुष्कळांनी पाहिलं असेल, पण बहुधा बातमी म्हणून. चित्र म्हणून ते निवांत पाहायला हवं, आणि त्यासाठी ते भिंतीवर लावायला हवं.

आधी उजेडाकडे पाहा. फ्लॅशचा उजेड आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. बोळात रोज रात्री जसा उजेड पडतो, तसाच पडावा अशा बेताने खानोलकरांनी फ्लॅश बसवले होते. जनावर अवरक्त किरण ओलांडून गेलं की कॅमेरा आपोआप चालणार, ही कॅमेरा ट्रॅपची रीत. त्या वेळी छायाचित्रकार तिथे नसतो. म्हणजे त्याची सगळी कारागिरी आधी होऊन गेलेली असते: कॅमेरा कुठे, उजेड कुठून, किती भिंत दिसू द्यायची. वस्तीतल्या वारली लोकांशी बोलून, त्यांची मदत घेऊन ही मांडणी झाली, आणि मनाजोगतं चित्र मिळायला चार महिने लागले. कॅमेऱ्याची जागा ठरवतानाचा खानोलकरांचा एक निर्णय मला सगळ्यात मोलाचा वाटतो. बिबट्या येईल तेव्हा त्याने चित्र व्यापून टाकता कामा नये, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. इतक्या खटपटीनंतर बिबट्या एकदाचा समोर येणार आणि तरी तो लहानच दिसला पाहिजे, असा हट्ट धरायला धीर लागतो.

कॅमेरा ट्रॅपची ही रीत जुनी आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्याने संयुक्त प्रांतातल्या जंगलात वाटेवर तार ताणून रात्रीचे वाघ टिपले. वाघाचा पाय तारेला लागला की त्याचा त्यानेच फोटो काढलेला असायचा. या छायाचित्रांचं चॅम्पियनचं पुस्तक १९२७ चं. त्याच काळात आपल्याकडचे राजेरजवाडे आणि साहेब लोक वाघ वेगळ्या रीतीने भिंतीवर आणत होते. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधलं संग्रहालय पाहिलेल्यांना ती रीत सांगायला नको. मानेपासून कापलेलं मुंडकं, काचेचे डोळे, आणि मागे पॉलिश केलेली लाकडी ढाल.

त्या ढालीची आठवण मला अलीकडे नको तिथे येते. ताडोब्यात जिप्सीतून लांब पल्ल्याच्या लेन्सने टिपलेला वाघाचा चेहरा, कान ते हनुवटी गच्च कापलेला, मागचं जंगल धूसर करून पुसून टाकलेलं, आणि भोवती चार बोट रुंदीची कोरीव सागवानी फ्रेम. बंदूक गेली, कॅमेरा आला, हे चांगलंच झालं. पण मांडणी तीच राहिली. धड नाही, जमीन नाही, फक्त तोंड. त्यात फ्रेमवर वेलबुट्टी आणि पानं कोरलेली असली की विचारूच नका. चित्रातलं जंगल काढून टाकायचं आणि त्याची भरपाई पटाशीने करायची, हा कसला न्याय!

‘द अ‍ॅली कॅट’ला अशी फ्रेम चालणार नाही, कारण त्याची फ्रेम आतच आहे. त्या दोन भिंतीच बिबट्याची चौकट आहेत, आणि त्या माणसाच्या घरांच्या आहेत. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान वस्तीला लागूनच. उद्यानाची हद्द नकाशावर कुठेही असो, भटक्या कुत्र्यांच्या मागावर बिबटे वस्तीत येतात. बाहेरच्या लाकडाने या भिंतींशी भांडू नये. माझं ऐकाल तर अर्ध्या इंचाची, साधी, चौकोनी पट्टी घ्यावी, आणि तीही पाडलेल्या घरातून निघालेल्या जुन्या सागाची. तो साग वर्षानुवर्षं मुरलेला असतो, मुंबईच्या पावसात पिळवटत नाही. कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून आत पाचर बसवलेली असावी. नुसत्या खिळ्यावरचा सांधा दोन पावसाळ्यांत तोंड उघडतो. पॉलिश चकचकीत नको, मेणाचा एक हात पुरे. काच आणि चित्र यांच्यात माउंटचं, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याचं, अंतर हवंच, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो. शिवाय काच बिनचकाकीची हवी. या चित्रात अंधार खूप आहे, आणि साध्या काचेत त्या अंधारात बिबट्याऐवजी आपलाच चेहरा दिसत राहतो.

त्या स्पर्धेच्या लंडनमधल्या प्रदर्शनात चित्रं मागून उजळलेल्या पाट्यांवर लावतात. देखणी दिसतात, नाही असं नाही. पण या चित्राचा उजेड मुद्दाम इतका मापात ठेवलेला आहे की त्याला मागून आणखी दिवा दाखवणं मला पटत नाही. लाकडाच्या चौकटीतल्या कागदावर खोलीतलाच उजेड पडतो, आणि संध्याकाळी खोलीबरोबर तो बोळही काळोखतो.

वारल्यांकडे वाघ-बिबट्या लाकडावर पूर्वीपासून आहे. डहाणू-जव्हारकडे वाघोबाची ठाणी आहेत. कुठे दगड, कुठे कोरलेली लाकडी फळी. फळीवर वाघ असतो, वर चंद्र-सूर्य असतात, अंगाला शेंदूर असतो, आणि वाघबारशीला त्याची पूजा होते. कोरणाऱ्याने वाघाला एकटा सोडलेला नाही, त्याच्या डोक्यावर आभाळ ठेवलं आहे. खानोलकरांचं चित्र मला न्यू पॅलेसमधल्या ढालीपेक्षा या फळीच्या जवळचं वाटतं.

म्हणून फ्रेम करायला देताना एक गोष्ट बजावून सांगावी. फ्रेमवाले सवयीने चित्राच्या कडा माउंटखाली सरकवतात, आणि मधलं जनावर नीट दिसतंय ना, म्हणून आपणही गप्प बसतो. इथे माउंटची खिडकी चित्रापेक्षा किंचित मोठीच कापायला सांगा, भोवती कागदाची पांढरी कड दिसली तरी चालेल. भिंतीचं एक सूतही झाकलं जाता कामा नये.