अग्रखंड उलटून क्रम लावणे : रूढ मांडणीची चिकित्सा

१९७५ साली ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’ या नियतकालिकात एक प्रश्न प्रसिद्ध झाला. लहानमोठ्या पॅनकेकांची चळत आहे. वरचे काही पॅनकेक एकत्र उचलून उलथावयाचे, एवढीच मुभा. आणि अखेर मोठा तळाशी, लहान माथ्यावर असा क्रम लावावयाचा. चळतीत न पॅनकेक असता अधिकात अधिक किती उलथण्या लागतील? प्रश्नकर्ते जेकब गुडमन. सही मात्र ‘हॅरी ड्वाइटर’ अशी. भरभर उच्चारल्यास ‘त्रासलेला वाढपी’ असा अर्थ देणारा हा इंग्रजी श्लेष होय.

या थट्टेच्या वेषामुळेच की काय, क्रमलेखनाच्या विवेचनात हा प्रश्न बहुधा एक करमणुकीची रीत म्हणून येतो. सर्वांत मोठा घटक आरंभी आणावा, मग उलथून तळाशी न्यावा, व उरलेल्यांबाबत तेच करावे. या रीतीने फार तर २न − ३ उलथण्यांत काम उरकते, हे खरे. परंतु प्रश्नाचे मर्म तिला गवसलेले नाही. २४३१ हा अनुक्रम घ्यावा. रूढ रीतीने ४२३१, १३२४, ३१२४, २१३४, १२३४ अशा पाच उलथण्या होतात. याउलट प्रथम तीन घटक उलटल्यास ३४२१, नंतर दोन उलटल्यास ४३२१, आणि सर्व उलटताच १२३४. म्हणजे तीनच! ४ आणि ३ मुळातच शेजारी होते. रूढ रीतीने पहिल्याच पावली त्यांची ताटातूट केली.

विल्यम गेट्स व ख्रिस्तोस पापादिमित्रिऊ यांच्या १९७९ मधील निबंधाचे श्रेय येथेच आहे. घटक स्वस्थानी आहे की नाही, यापेक्षा तो योग्य शेजाऱ्याला लागून आहे की नाही, याकडे त्यांनी लक्ष वळविले. एका उलथणीने अनुक्रमातील एकच सांधा बदलतो; सबब नवे सान्निध्यही फार तर एकच जुळते. (पदाचा विचार शेजारच्या पदांवाचून न करणाऱ्या भाषाभ्यासकास ही दृष्टी परकी वाटू नये.) या दृष्टीच्या बळावर त्यांनी वरची मर्यादा (५न + ५)/३ पर्यंत खाली आणली. २००९ मध्ये ती सुमारे १८न/११ झाली. खालची मर्यादा १९९७ मध्ये १५न/१४ पर्यंत चढली होती.

रूढ मांडणीचा दुसरा दोष अधिक गंभीर म्हटला पाहिजे. संगणकात लांब अग्रखंड उलटण्यास त्याच्या लांबीइतके श्रम पडतात; गुडमन यांच्या प्रश्नात मात्र प्रत्येक उलथणी एकच मोजली जाते. तेव्हा क्रम लावण्याची रीत म्हणून हिची इतर रीतींशी तुलना करणे व्यर्थ होय. हा प्रश्न अंतराचा आहे : दिलेला अनुक्रम इष्ट क्रमापासून किती उलथण्या दूर आहे? आणि ते अंतर काढणे सोपे नाही. लघुतम उलथण्या शोधणे हे एन्‌पी-कठीण आहे, असे ब्युल्तो, फेर्तँ व रुसू यांनी २०१२ मध्ये सिद्ध केले.