ओवी, अभंग आणि सुशिक्षण

एखाद्या ख्रिस्ती कवितेतील शिकवण शुद्ध आहे की विपरीत, हे ठरविण्याचे काम धर्मपंडितांचे. समीक्षकाने तिच्या प्रतिमा, लय आणि रचना यांविषयी बोलावे आणि थांबावे, अशी एक वाटणी आपल्याकडे बिनबोभाट मान्य झालेली आहे. वाटणी सोयीची आहे यात शंका नाही. धर्मपंडिताला कवितेची कटकट नको असते आणि समीक्षकाला सिद्धांताची. परंतु मराठीतील ख्रिस्ती काव्याच्या बाबतीत ती टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. येथे शुद्धाशुद्धतेची चर्चा पुन्हा पुन्हा एकेका शब्दापाशी येऊन अडते. वैकुंठ म्हणावे की नाही, गुरू म्हणावे की नाही, माउली म्हणावे की नाही, असे तिचे स्वरूप असते. आणि काव्यात शब्दाचा अर्थ कसा ठरतो, हे सांगणे तर समीक्षकाचेच काम आहे.

ही जोखणी आज जेथे होते त्या ठिकाणांत बंगळूरचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९१० साली स्थापन झालेले युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज, पी. डी. देवनंदन आणि एम. एम. टॉमस यांच्या नावांशी निगडित असलेली आणि १९५७ मध्ये सुरू झालेली धर्म व समाज यांच्या अभ्यासाची ख्रिस्ती संस्था, आणि १९६७ मध्ये अमलोरपवदास यांनी उभे केलेले कॅथलिकांचे बायबल, धर्मशिक्षण व उपासना यांचे राष्ट्रीय केंद्र, ही सारी या एकाच शहरातली. मराठी ग्रंथही तेथवर पोचले आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांवरील पी. एस. जेकब यांचा ग्रंथ १९७९ मध्ये उपर्युक्त अभ्याससंस्थेच्या मालेत निघाला. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चे नेल्सन फलकाव यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २०१२ मध्ये बंगळूरच्याच क्रिस्तु ज्योति प्रकाशनाने प्रसिद्ध केले. ही दोन्ही कामे मोलाची आहेत. मात्र ज्या वाचकांसमोर मराठी ओवी आणि अभंग निवाड्यासाठी जातात, ते वाचक तमिळ, मल्याळी, कन्नड, नागा, मिझो असे नाना भाषांचे असतात. साहजिकच ओवी-अभंगांना तेथे इंग्रजीच्या वेषात उभे राहावे लागते. येथेच एक घोटाळा संभवतो.

टिळकांनी ख्रिस्ताला आईच्या नात्याने हाक मारलेली आहे. इंग्रजीत ही हाक गेली की तिचे एक विधान बनते. ईश्वराला स्त्रीरूप कल्पिता येते काय, पिता या संज्ञेशी त्याची संगती कशी लावावी, असे प्रश्न लगेच उपस्थित होतात. कोणी त्या विधानाचे स्वागत करतो, कोणी त्यात पाखंड पाहतो. मराठी वाचकाच्या कानाला मात्र यांतले काहीच ऐकू येत नाही. ज्या भाषेत विठ्ठल माउली आहे, ज्ञानेश्वर माउली आहेत आणि वारीच्या वाटेवर भेटणारा अनोळखी मिशाळ वारकरीही माउलीच आहे, तेथे हा शब्द लिंगाविषयी काही सांगत नाही. तो सांगतो जवळिकीविषयी, आणि शरण जाण्याच्या निर्धास्तपणाविषयी. उलट बाजूने पाहता ‘वैकुंठ’ या शब्दाचे इंग्रजी भाषांतर स्वर्गवाचक शब्दाने केले की जी खरी जोखीम होती तीच नाहीशी होते. म्हणजे भाषांतरात निरपराध शब्दावर संशय येतो आणि संशयास्पद शब्द निर्दोष सुटतो.

पौलाच्या नावावर असलेल्या तीमथ्य व तीत यांना लिहिलेल्या पत्रांत ज्याला मराठी बायबलात ‘सुशिक्षण’ म्हटले आहे, त्याच्या मूळ ग्रीक विशेषणाचा अर्थ ‘निरोगी’ असा होतो. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. निरोगीपणा हा सबंध देहाचा गुण होय. एकटे बोट तपासून तो कळत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात जी कसोटी दिली आहे तीही शब्दसूचीची कसोटी नाही. ख्रिस्त देहाने आला हे जो मान्य करतो तो आत्मा देवापासून, अशा आशयाची ती कसोटी आहे. ख्रिस्ताचा देह हा केवळ भास होता, त्याचे दुःखही भासमान होते, असे मानणारा एक पंथ आरंभीच्या काळात होता. त्याच्या विरोधात हे वाक्य उभे आहे. ‘अवतार’ या शब्दाविषयी ख्रिस्ती पंडितांना वाटणारी भीती मुळात हीच. अवतार पुनःपुन्हा होतात, त्यांचे देह लीलेचे असतात. ख्रिस्ताचे देहधारण एकदाच, विशिष्ट गावी, विशिष्ट राजवटीत, आणि मरणापर्यंत खरेखुरे.

स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये रायतूर येथे त्याचा हा ग्रंथ छापला गेला. दोन पुराणे, पंच्याण्णव अवस्वरू, जवळजवळ अकरा हजार ओव्या असा त्याचा विस्तार आहे. त्यावर धर्मन्यायासनाची, म्हणजे इन्क्विझिशनची अनुज्ञा आहे, आणि त्यात ख्रिस्ती स्वर्गाला खुशाल वैकुंठ म्हटले आहे. ही गोष्ट आश्चर्याची खरी. ज्या फ्रान्सिस झेवियरचा देह गोव्यात आहे, त्याने १५४९ नंतर जपानात देवासाठी ‘दाइनिची’ हे स्थानिक नाव वापरले होते; ते एका बुद्धाचे नाव आहे हे कळताच त्याने ते टाकून लॅटिन ‘देउस’ हाच शब्द चालवला. गोव्याच्या तपासनिसांना वैकुंठ कोणाचे हे ठाऊक नसेल असे मानणे कठीण. त्यांनी ते कसे चालू दिले याचे उत्तर कागदपत्रांत शोधण्यापूर्वी काव्यात शोधावे. पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती येते, देवदूतांची घडण येते, त्यांतील गर्विष्ठांचे पतन येते. हे सारे ज्या लोकात घडते त्याचे नाव वैकुंठ. शेषशायी तेथे नाही, गरुड नाही, जय-विजय नाहीत. दुसऱ्या पुराणात ख्रिस्तजन्माची वार्ता घेऊन जेव्हा दूत खाली येतो, तोवर वाचकाच्या मनातील त्या शब्दाची जुनी वस्ती उठून नवी वस्ती झालेली असते. हे काम व्याख्येने झालेले नाही. कथेने, आणि ओवीच्या संथ पुनरावृत्तीने झालेले आहे.

या ठिकाणी एक गोष्ट नमूद केली पाहिजे, नाहीतर स्टीफन्सचे कौतुक भाबडे ठरेल. पुराणाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती साष्टीकर पाद्रीला विनंती करतो, की आमच्यासाठी आमच्या भाषेत पुराणासारखे काहीतरी असावे. ही मागणी निर्माण झाली ती जुनी पुराणे हिरावून घेतली गेल्यामुळे. १५६७ च्या गोव्यातील धर्मपरिषदेपासून तो बंदोबस्त चालू होता. रिकामे केलेले घर भरणे आणि नांदते घर जिंकणे यांत फरक आहे. स्टीफन्सची कला मोठी, पण तिला प्रतिस्पर्धी उरू दिलेला नव्हता.

याच ग्रंथाचे दोन पाठ आपल्या प्रश्नावर चांगलाच प्रकाश टाकतात. १९०७ मध्ये मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी छापलेल्या रोमन लिपीतील पाठात पवित्र आत्मा, देवालय, बाप्तिस्मा अशा मर्माच्या जागी पोर्तुगीज शब्द तसेच ठेवलेले दिसतात. लंडनमधील मार्सडेन संग्रहातल्या देवनागरी हस्तलिखितांत त्यांच्या जागी संस्कृत शब्द आढळतात. आधीचा पाठ कोणता याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत आणि तो वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. पण दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचणाऱ्याला एक चमत्कारिक अनुभव येतो. पोर्तुगीज शब्द ओवीत खड्यासारखे लागतात. मात्र त्यांच्यामुळे सिद्धांत अधिक स्पष्ट झाला असे होत नाही, तो फक्त कुलूपबंद होतो. ज्याला तो शब्द आधीच शिकविला आहे त्यालाच तो उघडतो.

हेच दुःख पंडिता रमाबाईंनी अडीच शतकांनंतर वेगळ्या संदर्भात बोलून दाखविले. १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्रैक्यापासून अथानेशियन मतांगीकारापर्यंत अनेक बाबतींत त्यांनी आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून झगडा केला. त्या पत्रांचा संग्रह अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला असून मराठी समीक्षेने त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही. त्यांत गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, आमच्या संस्कृतात असे काय उणे आहे, असा रमाबाईंचा रोखठोक सवाल आहे. न कळणाऱ्या भाषेतले खरे हे आपल्यासाठी खरे कसे, हा त्याचा मथितार्थ. पुढे त्याच रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठी बायबल नव्याने केले. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये ते छापून पुरे झाले. प्रचलित भाषांतरातील पौराणिक आणि वेदांती छटांचे शब्द काढून टाकावेत, साध्या बाईला कळेल असे लिहावे, असा त्यांचा निर्धार होता. एकेकाळी लॅटिनविरुद्ध संस्कृतची बाजू घेणाऱ्या विदुषीने अखेरीस संस्कृत शब्दांनाच दार दाखवावे, यात विसंगती पाहणाऱ्यांनी तिच्या मूळ प्रश्नाकडे पुन्हा पाहावे. प्रश्न दोन्ही वेळा एकच होता. मात्र साहित्यदृष्ट्या ही मोहीम पूर्ण यशस्वी झाली असे म्हणवत नाही. शब्दाची पूर्वस्मृती खरडून काढल्यावर जो शब्द उरतो तो निर्मळ असतो हे खरे. पण मराठी वाक्य स्मृतीवर जगते, आणि कित्येक ठिकाणी रमाबाईंचे वाक्य अर्थ पोचवून गप्प बसते.

टिळकांनी नेमकी उलट वाट धरली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत, आणि आलेला पूल त्यांनी मोडला नाही. त्यांच्या ‘गुरू’ या संबोधनावर आक्षेप असा घेता येतो, की त्यामुळे ख्रिस्त तारक न राहता केवळ मार्गदर्शक ठरतो. हा आक्षेप मराठी न जाणणाऱ्याचा आहे. आपल्या संतपरंपरेत गुरू देवाहून उणा नाही. शंका घ्यायचीच तर वेगळी घ्यावी: आपल्याकडे गुरू अनेक असू शकतात, प्रत्येकाला आपापला, आणि ख्रिस्ती सिद्धांताला हे अनेकत्व पचणारे नाही. म्हणून टिळकांच्या अभंगाला विचारण्याचा प्रश्न असा, की या गुरूचे एकमेवपण कवितेत कोठे सिद्ध होते?

यासाठी एक अगदी ओबडधोबड उपाय प्रस्तुत लेखक योजीत आला आहे. अभंगातले ख्रिस्ताचे नाव काढून तेथे विठ्ठलाचे घालून पाहावे. काही अभंग त्याक्षणी मोडून पडतात. त्यांत क्रूस आहे, खिळ्यांनी विंधलेले हात आहेत, शत्रूसाठी मागितलेली क्षमा आहे. हा देह दुसऱ्या कोणाचा होऊ शकत नाही. काही अभंग मात्र जसेच्या तसे उभे राहतात. तळमळ आहे, विरह आहे, मीपण विरून जाण्याची आस आहे, पण घडलेले असे काहीच नाही. या दुसऱ्या अभंगांना विपरीत शिकवण म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्यांत शिकवणच नाही. आणि नेमके तेच कविता म्हणूनही सैल आहेत; त्यांतील भावना खरी असली तरी उसनी घेतलेल्या भाषेवर निर्धास्तपणे वाहत जाते. सिद्धांताचा अशक्तपणा आणि काव्याचा अशक्तपणा येथे एकाच जागी सापडतो. या उपायावर आक्षेप येईल तो ठाऊक आहे: नामसंकीर्तनाच्या परंपरेत नाव हेच सर्वस्व, ते बदलणे म्हणजे कविताच बदलणे. आक्षेपात तथ्य आहे. पण नामदेवांच्या मुखी नाव येते तेव्हा त्यामागे पंढरीची वीट, चंद्रभागा, पुंडलिक ही सगळी कथा श्रोत्याच्या मनात आधीच उभी असते. टिळकांच्या मराठी श्रोत्याच्या मनात गालील उभा नव्हता. तो उभा करण्याचे काम कवीचेच होते.

१९१७ मध्ये टिळक अमेरिकन मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि ‘देवाचा दरबार’ मांडून बसले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्या बंधुसंघात जागा होती. बाप्तिस्म्याला गौणत्व देणारी ही योजना परंपरेच्या दृष्टीने त्यांच्या कोणत्याही अभंगापेक्षा अधिक धीट होती, हे उघड आहे. १९१९ मध्ये त्यांचा अंत झाल्याने ती पारखली जाण्यापूर्वीच थांबली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते दुसरेच अपुरे काम. ‘ख्रिस्तायना’चे पहिले दहा-अकरा अध्यायच त्यांच्या हातून लिहून झाले होते. भावगीताच्या उमाळ्यावर जगणाऱ्या या कवीला सलग कथेचा दम कमी पडत होता, की आयुष्यच पुरले नाही, हे ठरविणे अवघड; बहुधा दोन्ही.

ते काव्य पुरे केले लक्ष्मीबाईंनी, आणखी चौसष्ट अध्याय लिहून. १९३६ मध्ये त्या गेल्या आणि १९३८ मध्ये ग्रंथ निघाला. त्यांचे शालेय शिक्षण नाममात्र, धर्मशास्त्राचा अभ्यास त्याहून कमी. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी आपले मतांतर सांगितले आहे ते एकाही सिद्धांताचे नाव न घेता: जातीभेद देवाने केलेला नाही हे एके दिवशी मनाला पटले, आणि ज्याच्या त्याच्या हातचे पाणी त्या पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. ‘ख्रिस्तायना’तही त्यांची ओवी याच रीतीने चालते. टिळकांच्या अध्यायांतील कल्पनेची झेप तीत नाही, कित्येक ठिकाणी ती सरळ रुक्ष आहे. परंतु ती प्रसंग गाळत नाही. जेवण झाले तर जेवण, प्रवास झाला तर किती दमले, मारले तर कोणी मारले, हे ती सांगत जाते. येथे नाव बदलून पाहण्याचा आमचा उपाय लागूच पडत नाही, कारण पुढची ओळ तो हाणून पाडते. लक्ष्मीबाईंचे हे चौसष्ट अध्याय टिळकांच्या अभंगांइतक्याच काळजीने वाचले जावेत, आणि त्यांचा निवाडा करू पाहणाऱ्याने ते मराठीतच वाचावेत. मग तो बंगळुरात बसलेला असो की अहमदनगरात.