कान वाचले, पण आकडे नीट वाचूया: सायोपेल ६ चाचणी

सिसप्लॅटिन हे लहान मुलांच्या कॅन्सरवरचं जुनं, खात्रीचं औषध. पण ते आतल्या कानातल्या केसपेशी मारतं, आणि त्या परत येत नाहीत. आधी उच्च वारंवारितेचं ऐकणं जातं, म्हणजे स, श, फ हे आवाज निसटतात. बोलायला शिकणाऱ्या मुलाचं यात मोठं नुकसान होतं.

२०१८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेली ही चाचणी यकृताच्या हेपॅटोब्लास्टोमा या कॅन्सरच्या, कमी धोक्याच्या गटातल्या मुलांवर झाली. एका गटाला फक्त सिसप्लॅटिन, दुसऱ्याला ते संपल्यावर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट. हे सहा तास महत्त्वाचे: थायोसल्फेट सिसप्लॅटिनला बांधून निकामी करतं, त्यामुळे घाई केली तर गाठही वाचायची!

निकाल: श्रवणदोष ५५ पैकी १८ मुलांत (३३ टक्के), तर नुसत्या सिसप्लॅटिनच्या गटात ४६ पैकी २९ मुलांत (६३ टक्के).

आता पेन घ्या. गट होते ५७ आणि ५२ मुलांचे, म्हणजे अनुक्रमे दोन आणि सहा मुलं मोजणीतून गळली. सगळ्यात वाईट शक्यता धरा: पहिली दोन बहिरी, नंतरची सहा ठणठणीत. तरी ३५ विरुद्ध ५६ टक्के येतात. फरक टिकतो. शाब्बास!

जगण्याच्या आकड्यांवर मात्र माझा आक्षेप आहे. तीन वर्षांनी ९८ विरुद्ध ९२ टक्के मुलं जिवंत होती. हे वाचून 'औषधाने कॅन्सरच्या उपचारात अडथळा येत नाही' असं म्हणायचा मोह होतो. पण १०९ मुलांत मृत्यूच इतके कमी, की छोटा तोटा असला तरी दिसणार नाही. तोटा न दिसणं म्हणजे तोटा नसणं नव्हे.

हे नुसतं तर्कट नाही. २०१७ च्या एसीसीएल०४३१ या चाचणीत वेगवेगळ्या कॅन्सरची मुलं होती. तिथेही कान वाचले, पण रोग पसरलेल्या मुलांत थायोसल्फेट गटात ४५ टक्केच तीन वर्षं जगली, दुसऱ्या गटात ८४. हे विश्लेषण नंतर केलेलं, म्हणून पुरावा कच्चा. पण दुर्लक्ष करण्याइतका नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०२२ मध्ये मंजुरी दिली तीही न पसरलेल्या घन गाठींपुरतीच.

म्हणून पेपर वाचताना दोन प्रश्न वेगळे ठेवा: फायदा सिद्ध करायला नमुना पुरेसा होता का? आणि तोटा नाकारायला? इथे पहिल्याचं उत्तर हो आहे, दुसऱ्याचं नाही.