नामांतर की प्रतलेखन? ऑब्जेक्ट स्टोरेजमधील एका संज्ञेची चिकित्सा

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील ऋग्वेदाची भूर्जपत्रावरील शारदा पोथी अभ्यासकांस '५/१८७५-७६' या क्रमांकाने परिचित आहे. या क्रमांकात ऋग्वेदाचा, लिपीचा वा काश्मीरचा निर्देश नाही. जॉर्ज ब्यूलर यांच्या काश्मीर दौऱ्याच्या त्या वर्षी मुंबई सरकारच्या संग्रहात नोंदलेली ती पाचवी पोथी, एवढेच तो सांगतो. १९१८ साली सरकारी संग्रह डेक्कन कॉलेजातून संस्थेकडे आला. २००७ साली तेथील ऋग्वेदाच्या ३० पोथ्या युनेस्कोच्या जागतिक स्मृती-सूचीत समाविष्ट झाल्या. क्रमांक मात्र तोच राहिला, आणि म्हणूनच जुन्या ग्रंथातील तळटीप आजही वाचकास त्याच पोथीपाशी नेते.

अशा पोथ्यांची छायाचित्रे क्लाउडमधील ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये ठेवू पाहणाऱ्यास या व्यवस्थेचे मोल लवकरच कळून येते. तेथे कपाटे नाहीत, कप्पे नाहीत. एक नाव आणि त्या नावाने ठेवलेली एक वस्तू, एवढाच संबंध. नावातील तिरकी रेघ हेही इतरांसारखेच एक अक्षर होय. पडद्यावर तिच्यामुळे फोल्डर दिसतात, तो केवळ मांडणीचा भास. (वरील पोथीचा क्रमांक जसाच्या तसा नाव म्हणून दिला, तर पडद्यावर '५' नावाचे एक फोल्डर उगवेल, आणि ग्रंथपाल बुचकळ्यात पडेल.)

मग नाव बदलायचे कसे? ॲमेझॉनच्या एस-थ्री या २००६ साली सुरू झालेल्या सेवेच्या सर्वसाधारण संग्रहात तशी आज्ञाच नाही. प्रोग्रामर जिला 'रीनेम' म्हणतो ती क्रिया वस्तुतः दोन आज्ञांची असते: नव्या नावाने प्रत काढणे आणि जुनी वस्तू पुसणे. या जोडीस नामांतर म्हणणे हा शब्दाचा अपप्रयोग होय. नामांतरात वस्तू तीच राहते, येथे ती नवी होते. पोथीच्या नकलेस जशी स्वतःची लेखनतिथी असते, तशी या प्रतीवर प्रत काढल्याची तारीख पडते. जुन्या वस्तूस दिलेले वाचनाधिकार तिच्याबरोबर आपोआप येत नाहीत. पाच गिगाबाइटांहून मोठी फाईल तर एका आज्ञेत नकललीही जात नाही, ती तुकड्यांनी न्यावी लागते. दोन आज्ञांच्या मध्येच प्रोग्राम थांबला, तर दोन प्रती उरतात. आणि पहिली यशस्वी झाली की नाही हे न पाहताच दुसरी दिली, तर एकही उरत नाही. दहा हजार छायाचित्रांच्या 'फोल्डरचे' नाव बदलणे म्हणजे हा प्रसंग दहा हजार वेळा ओढवून घेणे.

सेवादात्यांना या उणिवेची जाणीव नाही असे मात्र म्हणता येणार नाही. ॲमेझॉनने २०२५ साली एका विशिष्ट प्रकारच्या संग्रहापुरती खरीखुरी नामांतराची आज्ञा दिली. मायक्रोसॉफ्टचे 'सेंट्रल इंडिया' हे केंद्र २०१५ पासून पुण्यातच आहे, आणि त्या कंपनीच्या साठवणीत श्रेणीबद्ध नामव्यवस्था निवडल्यास फोल्डरचे नाव एकाच क्रियेत बदलते. या सोयींनी नकलेचा धोका टळतो, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु जुने नाव ज्या लेखात छापले गेले, तेथील वाचकाच्या हाती तरीही काहीच लागत नाही.

वर्णनपर नावांचा पक्ष अगदीच निराधार नाही. नावाच्या आरंभीच्या अक्षरांवरून याद्या काढता येतात, आणि प्रोग्रामरला ते सोयीचे पडते. पण वर्णन बदलते: कर्त्याविषयीचे मत फिरते, काल मागेपुढे होतो, वाचन सुधारते. दर सुधारणेगणिक प्रत काढून मूळ पुसणारा संग्रह हा संग्रह म्हणवत नाही. वर्णन सूचीत असावे आणि वस्तूस निरर्थक पण अढळ क्रमांक असावा, हाच जुन्या सूचीकारांचा मार्ग येथेही ग्राह्य ठरतो.

देवनागरी नावांत आणखी एक अडचण आहे. एस-थ्रीमध्ये नावाची मर्यादा १०२४ बाइटांची; देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेत असल्याने ती सुमारे ३४१ चिन्हांवर येते. त्याहून गंभीर बाब अशी की 'कऱ्हाड' या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांस दोन्ही रूपे एकच, यंत्रास मात्र ती दोन निराळी नावे. जुने नाव टंकून ते पुसावयास निघालेला प्रोग्राम अशा वेळी निमूटपणे काहीच पुसत नाही, आणि एस-थ्री त्याला चूक म्हणूनही दाखवीत नाही.